नऊ इंची भिंत

१

दुकान मी सकाळी नऊला उघडतो आणि दुपारी एकला बंद करतो. जेवण, मग बायकोच्या खाटेशेजारी चटई टाकून तासभर झोप, आणि चारला पुन्हा दुकान. अडतीस वर्षं हेच चाललंय. लोक बिघडलेली ड्रिलं, ग्राइंडर, पॉलिशची मशिनं आणून टाकतात. मी ती उघडतो, धुतो, जोडतो. शाळेत मी फार गेलो नाही, पण मशीन उघडून पुढ्यात ठेवलं की ते मला वाचता येतं.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अलीकडे माझं कामाचं टेबल, पलीकडे आमची झोपायची खोली. आत जायला कोपऱ्यात एक दार आहे.

त्या दिवसांत बायको अंथरुणाला खिळलेली होती. कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पायाला वजन बांधलं, त्याची दोरी खिडकीच्या गजाला लावलेल्या कप्पीवरून सोडली आणि खाटेच्या पायथ्याखाली ठोकळे द्यायला लावले. सहा आठवडे कूस बदलायची नाही आणि खाट तसूभरही हलवायची नाही. तिचं डोकं दुकानाच्या भिंतीकडे होतं.

"बरंच झालं," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर खरंच काम करता की पेपर वाचता, ते आता ऐकू येईल."

अशात एक दिवस तो फिटर आला. घराघरांत गीझर, पडद्यांचे पाइप, कपाटं बसवणारा माणूस. एरवी बोलायला लागला की थांबत नाही, पण त्या दिवशी गप्प होता. चादरीत गुंडाळलेलं जड काहीतरी त्यानं टेबलावर ठेवलं.

"काका, बघा, जमतंय का."

"कुणाचं?"

"सासऱ्यांचं. जर्मन हॅमर ड्रिल आहे. माळ्यावर पडून होतं."

"किती वर्षं?"

"बरीच." मग त्यानं माझ्या मागच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. "ही नऊ इंची ना?"

"नऊ इंची."

"पलीकडे काय आहे?"

"घर आहे माझं. का रे?"

"काही नाही काका. सवय." आणि मी चिठ्ठी लिहून देईपर्यंत तो थांबलाच नाही.

२

मशीन सुंदर होतं. हिरवट करड्या रंगाचं, मूठ काळ्या बेकेलाइटची. कंपनीचं नाव घासून गेलेलं, खाली नुसती जर्मन अक्षरं आणि व्होल्टचा आकडा. सोबत त्याच चादरीत भोक पाडायचं एक बिट होतं, फूटभर लांब.

स्क्रू गंजून धरले होते. दोन दिवस तेल सोडत बसलो. तिसऱ्या दिवशी पहिला स्क्रू कुरकुरत फिरला, तेव्हा पलीकडून बायको म्हणाली, "दात काढताय का कुणाचे?"

हॅमरमध्ये एक पिस्टन असतो. तो हवा दाबतो, हवा एका छोट्या घणाला ढकलते आणि घण बिटाच्या बुडावर आपटतो. त्यामुळे बिट फिरतंही आणि ठोकतंही. या मशीनचे सगळे भाग शाबूत होते. ग्रीस मात्र धुण्याच्या साबणासारखं घट्ट झालेलं. मी ते लाकडी काडीनं खरवडून काढलं, भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजत घातले, पिस्टनच्या रबरी रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली, वायर नवी टाकली.

दोन गोष्टी मला खटकल्या. मोटरला वीज पोचवणारे कार्बन म्हणजे दोन लहान काळे ठोकळे असतात. मशीन चालेल तसे ते झिजतात. ते किती झिजले त्यावरून मशीन किती चाललंय हे मी डोळे मिटून सांगू शकतो. हे कार्बन पार संपलेले होते, मी नवे घातले. ठीक आहे, म्हातारं मशीन. पण बिट धरणाऱ्या चकात धूळ होती आणि ती ताजी होती. माळ्यावरची जुनी धूळ दमट होऊन खडा बनते. ही फुंकर मारली तर उडाली.

मी मनात म्हटलं, जावयानं गुपचूप वापरलं असेल आणि आता माळ्याचं नाव सांगतोय. लोक डॉक्टरांशी बोलत नाहीत एवढं खोटं आमच्याशी मशीनबद्दल बोलतात.

मशीनच्या बाजूला एक पितळी सळई होती. भोक जितकं खोल हवं तितकी ती मागं घ्यायची आणि स्क्रूनं आवळायची. काम करताना तिचं टोक भिंतीला टेकलं की थांबायचं. तिच्यावर इंचांच्या खाचा होत्या, बोटानं चाचपून कळतील अशा. मी तिला लख्ख केलं. तिचा स्क्रू मी नवा घातला. तो एकदा आवळला की पक्कड घेतल्याशिवाय सुटत नव्हता.

३

मशीन जोडून झालं की मी ते एकदा चालवून बघतो. त्यासाठी दुकानात काँक्रीटचे दोन ठोकळे असायचे, भोकाभोकांनी चाळण झालेले. पण तेच दोन्ही ठोकळे मुलीनं आईच्या खाटेखाली दिले होते. आता ते काढणार कसे?

दुसरं काही शोधावं एवढा धीर मला राहिला नाही. जर्मन मशीन इतकं मन लावून जोडलं होतं, त्याचा आवाज ऐकायचा होता. मी सळई दोन इंचांवर आवळली, आणि टेबलाच्या वर वीतभर, भिंतीलाच बिट लावलं.

आवाज असा आला की मी हसलोच. भरदार आणि एकसारखा, कुठेही खरखर नाही. भिंत लोण्यासारखी गेली. सळई टेकली आणि मी थांबलो.

"अहो!" पलीकडून हाक आली. "माझ्या डोक्यात खिळा मारताय का?"

"टेस्ट केली गं."

"मग? पास झालं का?"

"पहिला नंबर."

संध्याकाळी मी भोकात सिमेंट भरलं, अंगठ्यानं सपाट केलं. मनाला जरा लागलं होतं. ती जिथं डोकं टेकून पडली आहे त्या भिंतीला मी हौसेखातर भोक पाडलं होतं. तिला तसं बोलून दाखवलं नाही. फिटरला निरोप ठेवला की मशीन तयार आहे, घेऊन जा. तो आला नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून दुकान उघडलं. मशीन टेबलावर होतं तसंच होतं. सळई तीन इंचांवर होती.

मला वाटलं, मीच कधीतरी फिरवली असेल. पण तो स्क्रू मी ओळखतो. तो गप्पा मारता मारता फिरणाऱ्यातला नाही.

चहा घेऊन आत गेलो तेव्हा बायको म्हणाली, "आज झोपलाच नाहीत ना?"

"झोपलो की. इथंच होतो, तुझ्या शेजारी."

"मग दुकानात घरघर कुणाची चालली होती? मला खाली बघता येत नाही म्हणून काहीही सांगाल." ती हसत होती. "म्हातारपणी नवीन खेळणं मिळालंय, खेळा."

मी खाली मान घालून चहा प्यायलो. मला आवाज आला नव्हता, पण माझी दुपारची झोप गाढ असते. दुकानाला पुढून कुलूप होतं. राहिलं मधलं दार. मुलगी? मुलगी गाडी चालवायला शिकवते आणि घरातही तिचा पाय कायम ब्रेकवर असतो. पण ती साडेचारशिवाय येत नाही आणि मशीनला हातही लावत नाही.

टेबलावर, मशीनच्या बरोबर खाली, चिमूटभर धूळ होती. मी सकाळी टेबल पुसलं होतं. भिंतीवर माझं सिमेंट तसंच होतं, गुळगुळीत, अंगठ्याच्या ठशासकट.

५

मग मी जरा सावध झालो. पुढल्या दुपारी मशीनची वायर काढून गुंडाळली. सळई पुन्हा दोनवर आणून पक्कडीनं आवळली. मधल्या दाराला आतून कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. बिट काढून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि उशाखाली ठेवून झोपलो. एवढं करताना स्वतःचंच हसू येत होतं.

जाग आली ती मानेला ऊब लागल्यामुळे. हात उशाखाली घातला. बिट गरम होतं. उन्हात राहिलेल्या पत्र्यासारखं नाही. भोक पाडून नुकतंच बाहेर काढलेलं बिट जसं गरम असतं तसं. त्याच्या चरांत धूळ होती.

किल्ली खिशातच होती. दुकानात जाऊन पाहिलं, सळई साडेचारवर होती. मी मशीन उघडलं आणि कार्बन काढून पाहिले. मी घातलेले, कोरे, दोन इंच चाललेले कार्बन. ते एवढे झिजले होते, जणू माणसानं महिनाभर रोज काम केलं असावं.

माझ्या सदऱ्याच्या बाह्यांना धूळ होती. ती उशाखालच्या बिटाची असेल. असेलच. पण मी तिथंच बसून राहिलो आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिलो. कामाच्या हातांना कंप येतो, मशीन जोरात चालवलं की तासभर राहतो. तो आहे का, हे मी बघत होतो. नव्हता, किंवा मला कळलं नाही.

६

फिटरनं शेवटी फोन उचलला.

"काका, चालू झालं?"

"झालं. तू न्यायला का येत नाहीस?"

"भोक पाडून बघितलंत?"

"बघितलं."

"कशात?"

"भिंतीत." त्याच्या मागं कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. "ऐकतोयस ना?"

"कुठल्या भिंतीत, काका? ती पलीकडे घर असलेली?"

"हो."

"तिथं कोण झोपतं?"

"माझी बायको."

"त्यांना तिथून हलवा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझा फोन घेतला नाही.

मी आधी घाबरलो, मग संतापलो. हा कोण मला माझ्या घरात कोण कुठं झोपावं ते सांगणारा? मग संशय येऊ लागला. हा माणूस कुलपंही बसवतो. भिंत ठोकून गेला, पलीकडे काय आहे ते विचारून गेला. दुकानाची जागा रस्त्यावरची, चांगली. म्हातारा-म्हातारीला घाबरवलं तर कुणाचा तरी फायदा असेल. हा विचार मला फार पटला, कारण त्यात मी नव्हतो. त्याच दुपारी दोन्ही दारांची कुलपं बदलली.

झोप झाल्यावर पाहिलं, सळई सहावर होती.

७

तिसऱ्या कुलपाला अर्थ नव्हता. मी छिन्नी घेतली आणि भिंतीतलं माझं सिमेंट फोडलं. दोन इंचांचा खडा निघाला, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट, अखंड. भोकाच्या तळाशी भिंत असायला हवी होती. मी सायकलचा एक स्पोक आत घातला. तो आत गेला, जात राहिला. बाहेर काढून मापला तर सहा इंच. सिमेंट तसंच ठेवून कुणीतरी त्याच्या मागून पुढे गेलं होतं.

"बाबा, काय करताय?"

मुलगी मधल्या दारात उभी होती. माझ्या हातात छिन्नी, केसांत धूळ, समोर भोक.

"काही नाही गं."

"काही नाही? आई म्हणते तुम्ही रोज दुपारी भिंत पाडत बसता. मला वाटलं, गंमत करतेय."

मी तिला सगळं सांगितलं. सळई, बिट, कार्बन. मी सावकाश बोलतो, तिला ते कधी सहन होत नाही, पण त्या दिवशी तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यावरूनच मला कळलं की तिला काय वाटतंय. तिनं माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकली, लहान मुलाची झटकतात तशी.

"बाबा, तुम्ही झोपेत उठत असाल का?"

"कुलूप लावून?"

"किल्ली तुमच्याच खिशात असते ना?"

तोच प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारत होतो.

"मी आईला माझ्याकडे नेते," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोलते, स्ट्रेचर मागवते. उद्या नाही जमलं तर परवा."

"हाड हललं तर ती पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी म्हटलंय."

"आणि इथं ठेवून काय होईल?" तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "तिच्या डोक्यापासून तुमचं भोक किती लांब आहे?"

मी मोजलं होतं. भिंत तीनच इंच उरली होती. तिला सांगितलं नाही. चाळीस वर्षांत आम्ही दोघं एका रात्रीपुरतेही वेगळे झोपलो नव्हतो. आणि तिला माझ्यापासूनच दूर न्यायची वेळ आली असेल, तर ते बोलून दाखवण्याचं धैर्य मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपायचंच नाही असं ठरवून चटईवर बसलो. बायको म्हणाली, "पाठ टेका की जरा." एवढंच आठवतं. चार वाजता सळई आठवर होती.

८

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी येणार होती. मुलगी दहालाच आली आणि आईचे कपडे पिशवीत भरले. मी तिला म्हटलं, "अर्धा तास माझ्यासोबत दुकानात बस. मी मशीन तुझ्यासमोर उघडतो. मग काय ते ठरव."

ती स्टुलावर बसली, हाताची घडी घालून, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसावं तशी. मी मशीन उघडलं. मोटर काढली, पिस्टन काढला, घण काढला, गिअर, बेअरिंगं, कार्बन. एकेक भाग ट्रेमध्ये मांडला. बिट मुलीच्या मांडीवर ठेवलं. सळई मी हातात धरली. रिकामी खोळ टेबलावर आडवी पडली होती.

"झालं?" मुलगी म्हणाली.

"झालं. आता हे चालणं शक्य नाही."

"ते मलाही कळतं, बाबा."

तेवढ्यात पलीकडून बायको बोलली. आवाज नेहमीचाच होता, जरा दबलेला, ओठ मिटून बोलावं तसा.

"अहो, मारा की फुंकर आता. मी डोळे मिटलेत."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. भोक पाडून झालं की आतली धूळ फुंकून काढायची असते. ती राहिली तर काही घट्ट बसत नाही. हे मुलीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आम्ही दोघं आत धावलो. बायकोच्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर, भिंतीला बोट जाईल एवढं भोक होतं. कडेचा चुना नुकताच सुटला होता. तिच्या पांढऱ्या केसांवर धूळ होती, पापण्यांवरही. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि ती हसत होती.

"तुम्हीच ना?" ती म्हणाली.

मुलीचा हात माझ्या दंडावर आला. थंडगार होता.

"हो गं," मी म्हटलं. "मीच."

"मला वाटलंच. दुसरं कोण इतक्या अलगद काम करतंय?"

मी तिचा चेहरा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भोकावर तळहात दाबून धरला. मुलगी रस्त्यावर पळाली. गाडी आली होती. दोघं माणसं स्ट्रेचर घेऊन आली. दोरी सोडताना, वजन उतरवताना बायको एकदाच कण्हली. तिला उचलून ते दाराकडे वळले तेव्हा ती म्हणाली, "भिंतीला काय टेकलाय? चला की."

"धूळ पडतेय म्हणून हात ठेवलाय. तू हो पुढे."

"लवकर या. हिच्या घरी मला कोण विचारतंय?"

"आई!" मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडका होता.

त्यांची पावलं ओसरीत गेली. तिथं वळण अरुंद आहे, स्ट्रेचर तिरकं करावं लागतं. ते थांबले, एकमेकांना सांगू लागले, जरा तुमच्याकडून घ्या, जरा वर घ्या. तेव्हा मला भिंतीतून दुसरा आवाज आला.

दुकानात कुणीतरी मशीन जोडत होतं. आधी गिअर बसला, मग बेअरिंग त्याच्या जागी टक् करून गेलं. पिस्टन, घण, मोटर. मग कार्बन, एकेक. प्रत्येक भागाचा आवाज मी ओळखतो. क्रम बरोबर होता. जोडणाऱ्याला घाई नव्हती आणि तो कुठे चुकतही नव्हता. स्क्रू आवळले गेले. बिट चकात बसलं. मग आवाज थांबला.

सळई माझ्या उजव्या हातात होती. मी ती सोडली नव्हती.

मधल्या दाराकडे मी पाहिलं नाही. फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं की दाराच्या चौकटीआडून एक हात आत आला आहे. मनगटापर्यंत राखाडी धुळीनं भरलेला. कामात गढलेला माणूस समोर न बघता हत्यार मागतो, तसा तळवा वर केलेला. तो वाट पाहत होता.

ओसरीत बायको म्हणत होती, "अरे, सावकाश रे बाबांनो." मग मोटारीचं दार लागलं. मुलीनं मला हाक मारली, पुन्हा मारली. मी "येतो" म्हटलं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि ऐकू येईनाशी झाली.

खाट रिकामी होती. उशीला तिच्या डोक्याचा खळगा होता.

मी भिंतीवरचा हात काढला आणि सळई त्या तळव्यावर ठेवली. तो हात गरम होता. बोटं मिटण्याआधी त्यांनी सळईवरच्या खाचा एकेक करून चाचपल्या, शेवटच्या खाचेपर्यंत. मग तो हात दाराआड गेला, आणि मी बाहेर रस्त्यावर आलो.